दर्भाचा कावळा

बाई नवऱ्याचं नाव घेत नसते म्हणतात. मी घेते. गोवर्धन. घ्या, काही आभाळ पडलं नाई.

जिता होता तवा मीही "जीवनचे बाबा" म्हणत होती. "आले का, बसा, पाणी देते" म्हणत होती. चौतीस वर्षं म्हणलं. एक दिवस ते सारं सोडून देल्लं, त्या दिवसाची गोष्ट सांगून राहिली, तवा मधात टोकू नका. मले टोकलेलं आता खपत नाई.

तो दिवस म्हणजे गोवर्धनचा दहावा. मोर्शीपासून पाच किलोमीटरवर आमचा संत्र्याचा बगीचा हाय. बगीच्याच्या धुऱ्याले, म्हणजे बांधाले, लागून नाला हाय. "माह्यं सारं माह्या वावराच्या काठावर करजा" असं तोच सांगून गेल्ता, म्हणून दुसरीकडं कुठं न जाता दहावा तिथंच केला. माह्या पोरानं, जीवननं, डोक्यावरचे केस काढले. सहदेव महाराजानं मंत्र म्हणले. पिंड मांडला आन त्याच्यासमोर पळसाच्या पानावर गोवर्धनले आवडे ते सारं ठेवलं. मुंगाचे वडे, झुणका, ज्वारीची भाकर, बशीत चहा, आन माह्या दिरानं, किसनरावानं, आठवणीनं आणलेली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी. दिवसातून सहा पुड्या खाये तो. मंग आमी सारे मागं सरकलो आन कावळ्याची वाट पाहत बसलो.

ज्याले माहीत नसन त्याच्यासाठी सांगते. कावळा पिंडाले शिवला की समजाचं, मेलेला माणूस समाधानी हाय, सुटला. नाई शिवला तर त्याची काही इच्छा मागं राहिली. मंग घरच्याइनं हात जोडून ते इच्छा बोलून दाखवाची आन "आमी पुरी करू" असं कबूल कराचं. कबूल केलं की कावळा येते म्हणतात. पिंडासमोर देल्लेला शब्द आमच्या गावात कोणी मोडत नाई. सातबारा खोटा निघन, हा शब्द नाई. आन कावळा शिवत नाई तोवर कोणी अन्नाले हात लावत नाई.

सकाळी दहाले बसलो होतो. बारा वाजले. कावळा नाई. मार्चाचं ऊन, चाळीस माणसं, पलीकडं चुलीवर आलू-वांग्याची भाजी शिजून तयार, भाकरीची चळत फडक्यात बांधून ठेवलेली, साऱ्या धुऱ्यावर वास सुटलेला, आन कोणाच्या पोटात काही नाई. आभाळाकडं पाहून पाहून लोकाइच्या माना अवघडल्या.

किसनराव उठला. गोवर्धनचा लहाना भाऊ. गावात कोणाच्याही घरी काही निघालं की हा मधात असतेच. हात जोडून पिंडाले म्हणे, "दादा, जीवन बगीचा चांगला सांभाळन!"

काही नाई.

"दादा, आटलेल्या बोअरची खोली वाढवू!"

काही नाई.

"दादा, तुह्या फटफटीले कोणाले हात लावू देणार नाई!"

एक होला पाखरू आलं, पानाकडं पाहिलं आन उडून गेलं. मागं कोणीतरी हसलं. किसनरावानं मान फिरवली आन माह्याकडं पाहिलं. मले माहीत होतं तो माह्याकडंच पाहणार. सकाळपासून मी त्याचीच वाट पाहून राहिली होती.

"वयनी," तो म्हणे, "साऱ्याइले माहीत हाय दादाची इच्छा काय होती. तुमी एकदा बोलून द्या."

आन त्यानं नाल्याच्या पलीकडं पाहिलं.

पलीकडं कडुनिंबाखाली माही पोरगी रागिणी बसली होती. अमरावतीत राजापेठेत राहते, दहावीच्या पोराइले गणित शिकवते, स्वतःचा क्लास हाय तिचा. सकाळी स्कूटीवर आली आन नाल्याच्या त्या काठावरच बसली. अलीकडं आली नाई, कारण अलीकडं बापाचं वावर. सहा वर्षं झाली, पोट्टीनं ना या वावरात पाय ठेवला ना घरात.

काहून, ते सांगते. माहा हा डावा हात पाहा. कोपरातून सरळ होत नाई. गावात कोणालेही विचारा, सांगन की माणिकबाई संत्रा तोडताना शिडीवरून पडली. खोटं हाय. गोवर्धननं मोडला. फळाच्या वजनानं फांदी मोडू नये म्हणून आमी झाडाले बांबूचा टेका देतो, त्या बांबूनं मोडला. रागिणी तवा अमरावतीले शिकत होती, सुट्टीत घरी आल्ती. तिनं मले दवाखान्यात नेलं आन तिथून सरळ पोलीस ठाण्यात. बापाच्या विरोधात सारं लिहून द्याले बसली. साहेबानं मले विचारलं, "बाई, कसं झालं?" गोवर्धन दारात उभा होता. मी म्हणलं, "शिडीवरून पडली. पोट्टीले काही समजत नाई."

झालं. पोट्टी खोटी ठरली, आन माह्या तोंडानं ठरली. गोवर्धननं त्याच दिवशी सांगून टाकलं, ही दारात दिसली तर तंगडी तोडीन. आन मी काय केलं? एका हातानं भाकरी थापल्या. मले त्याचा जेवढा राग येते त्याच्यापेक्षा जास्त माहा येते.

मरताना तरी तो बदलन असं मले वाटलं होतं. अमरावतीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी आमी सारे खाटेभोवती उभे होतो. त्यानं डोळे उघडले. मी जवळ वाकली. वाटलं, आता म्हणन पोरीले बोलवा. तो म्हणे, "मी मेल्यावरही तिले घरात घेऊ नका." किसनरावनं ऐकलं, जीवननं ऐकलं. मंग पाणी मागितलं, पेला आणेस्तोवर गेला.

मंग घरी रोज चार वाजता पोथी लावली. सहदेव महाराज वाचत, गावातल्या बाया ऐकाले येत. महाराज माणूस चांगला हाय, आवाज गोड, कोणाले उगाच भेव दाखवत नाई. चौथ्या दिवशी स्वर्गाचा भाग आला. तिथं भूक नाई, तहान नाई, राग नाई, द्वेष नाई, कोणी कोणाले दुखवत नाई. बाया "हाव, हाव" करून माना डोलावून राहिल्या. शेजारची जमुना माह्या पाठीवरून हात फिरवत म्हणे, "माणिक, रडू नको व. वर तुमची भेट होईनच."

मी रडत नव्हती. मी घाबरली. व माय! वरही?

"मले कोणी विचारलं का," मी म्हणलं, "भेटाचं हाय का म्हणून?"

जमुनाचा हात पाठीवरच थांबला. महाराजानं पोथीतून मान वर केली. मले काय झालं कोणास ठाऊक, चौतीस वर्षं घशात अडकलेलं एकदम वर आलं.

"महाराज, एक विचारू का? तिथं राग नाई म्हणता. मंग गोवर्धनचा राग गेला कुठं?"

"वर गेल्यावर मन निर्मळ होते, बाई."

"कोण करते निर्मळ? त्याले विचारून करतात, का धोब्यासारखं न विचारता धुतात?"

दोघीतिघी खुदकन हसल्या. महाराज हसला नाई. तो खरंच विचार करून राहिला होता.

"विचारून करत असतीन तर तो हो म्हणणार नाई," मी म्हणलं. "मी ओळखते त्याले. ढोराचं शिंग मोडन, त्याचा हट्ट मोडत नाई. आन न विचारता करत असतीन, तर धरून-बांधून चांगलं केलेला माणूस. त्याच्यात त्याचं काय? अन् एक सांगा, त्यानं काय काय केलं ते त्याले तिथं आठवते का?"

"आठवत नसन," महाराज हळूच म्हणे.

"वा रे वा! तो सारं इसरून मजेत, आन मी इथं आठवत बसू? अन् आठवत असन तर त्याले शरम वाटते का? शरम वाटत असन तर तिथं दुःख हाय. नसन वाटत, तर तो होता तसाच हाय. मंग त्याले आत घेतलं कोणं?"

जीवन माजघरातून धावत आला. "आई, काय लावलं हे! लोक ऐकून राहिले."

"ऐकू दे. स्वर्ग काय लोकाइच्या परवानगीनं चालते का?"

महाराजानं पोथी कपड्यात बांधली. जाताना उंबऱ्यात थांबला आन म्हणे, "बाई, तुमी विचारलं ते या पोथीत नाई. मीही पहिल्यांदाच ऐकलं." तेवढं बोलाले मोठं मन लागते. मी त्याले तेव्हाच मनातून हात जोडले.

तर दहाव्याले, उन्हात, किसनराव मले म्हणून राहिला होता, बोलून द्या. काय बोलाचं तेही त्यानंच सांगितलं. "निस्तं एवढं म्हणा वयनी, की रागिणी घरात येणार नाई, दादा, तू निश्चिंत राह्य. पाहा मंग, कावळा येते की नाई येत."

चाळीस माणसं माह्याकडं पाहून राहिली. त्यातले अर्धे उपाशी होते म्हणून पाहत होते, त्याइचा मले राग नाई. जीवन पिंडापाशी बसला होता, नवं टक्कल उन्हानं लाल झालेलं. तो उठून माह्याजवळ आला, कानात म्हणे, "आई, म्हण ना एकदाचं. निस्तं म्हणाचंच तर हाय. मंग पाहू पुढचं पुढं."

"निस्तं म्हणलं होतं मी एकदा," मी म्हणलं. "ठाण्यात."

त्याचं तोंड पडलं. त्या दिवशी तोही घरात होता. त्यानं बापाचा हात धरला नाई, अन् नंतर बहिणीचाही नाई. वाईट पोरगा नाई तो. भेकड हाय, माह्यावर गेला.

मी उठली. गुडघे कटकट वाजले. किसनरावले वाटलं मी हात जोडाले उठली, तो बाजूले सरकला.

"किसनभाऊ," मी म्हणलं, "तुमचा दादा आता हाय कुठं?"

"म्हणजे? वर. स्वर्गात."

"स्वर्गात राग नाई, द्वेष नाई. हे महाराजानं सांगितलं, तुमी मान डोलावली, मी पाहिलं. मंग पोरीवर राग धरून कावळा अडवून कोण बसलं?"

किसनराव महाराजाकडं पाहाले लागला.

"दोनातून एक सांगा. त्याचा हट्ट तसाच असन, तर तो स्वर्गात नाई, अन् असन तर तो स्वर्ग नाई, आमचं जुनंच घर हाय ते. नाहीतर त्याचा हट्ट गेला असन. मंग हे इच्छा त्याची नाई. मंग ते कोणाची हाय, किसनभाऊ? तुमची?"

"वयनी, तोंड सांभाळा!" किसनराव ओरडला. "मेलेल्या माणसाच्या दहाव्याले हे बोलणं शोभते का? वर पाहा! वरून पाहून राहिला तो!"

वर पाहा म्हणला म्हणून मी पाहिलं. साऱ्याइनंच पाहिलं. अन् मले हसू फुटलं.

आता खोटं काहून सांगू, मले दहावा, पिंड, लोक, काही म्हणता काही भान राहिलं नाई. पदर तोंडात घातला तरी हसू आवरेना. जमुना म्हणे, "माणिकले ऊन लागलं, पाणी मारा." मी बोट वर केलं.

पिंडापासून वीसेक पावलावर, बगीच्याच्या कोपऱ्यात, बसलेल्याले झाडाइच्या आड जाये असा, एक उंच बांबू गाडलेला होता. त्याच्या टोकाले, पाय बांधून उलटा टांगलेला, एक मेलेला कावळा लोंबत होता. सुकून चिपाड झाल्ता, पण पंख पसरलेले होते अन् हवेनं हलत होते.

गोवर्धननंच टांगला होता. छातीत दुखाच्या चार दिवस आधी. उन्हाळ्याच्या तोंडावर कावळे पाण्यासाठी ठिबकच्या नळ्या चोचीनं फोडतात, साऱ्या बगीच्यात चिखल होते. त्याचं डोकं फिरलं. गुलेरीनं एक कावळा मारला अन् तिथं लटकवला. मले म्हणे, "पाह्य, आता एकही इकडं फिरकत नाई." अन् फिरकला नाई. वावर करणाऱ्या साऱ्या माणसाइले हे माहीत हाय. मेलेला कावळा टांगला की बाकीचे त्या जागेचं नाव घेत नाईत. पण दहा दिवस सुतकाच्या गडबडीत त्या कोपऱ्यात कोणी गेलं नाई, कोणाच्या ध्यानात राहिलं नाई. त्याच्याच हातानं कावळे हाकललेल्या जागेवर आमी त्याच्यासाठी कावळ्याची वाट पाहून राहिलो होतो.

"घ्या," मी म्हणलं. "हे तुमच्या दादाची इच्छा. स्वतःच्या हातानं दार लावून गेला, अन् कडी माह्या पोरीच्या गळ्यात घालून राहिले तुमी!"

लोकाइत कुजबूज सुरू झाली. एक म्हातारा बाप्पा बाप्पा करत कपाळाले हात लावून बसला. किसनराव काही हार मानणारा नव्हता. "तो योगायोग हाय," म्हणे. "दादाची इच्छा ते इच्छाच. तुमी शब्द देऊन पाहा तर खरं."

त्याच्याशी काय बोलाचं? मी नाल्याकडं तोंड केलं अन् ओरडली, "रागिणी! इकडं ये!"

पोट्टी उभी राहिली. पाण्याच्या कडेपर्यंत आली अन् थांबली. तिथूनच म्हणे, "आई, मी येऊ का तिकडं?"

तिचं ते विचारणं मले काट्यासारखं रुतलं. स्वतःच्या मायले विचारून राहिली, येऊ का म्हणून. मीच लावली तिले ही सवय.

"बांबू उंच हाय," मी म्हणलं. "माहा एक हात पोचत नाई. ये लवकर."

तिनं चपला हातात घेतल्या अन् नाल्यात उतरली. घोट्याएवढं पाणी, दोन मिनिटाचा रस्ता. किसनराव धुऱ्यावर आडवा आला. "वयनी, दादा म्हणले होते—"

"दादाले जे म्हणाचं होतं ते म्हणून झालं. सरका."

सरकला. मले वाटलं होतं मारामारी करा लागन. इतक्या वर्षात मी कधी सरका म्हणलंच नव्हतं, म्हणून माहीत नव्हतं की म्हणल्यावर माणसं सरकतात.

आमी दोघी मायलेकीनं मिळून बांबू उपटला. ती खालून हलवे, मी एका हातानं ओढे. कावळा खाली आला. रागिणीनं त्याच्या पायाची तार सोडली, झाडाखाली मऊ माती उकरली अन् त्याले पुरलं. हात धुतले. चाळीस माणसं पाहून राहिली. ती बापाच्या वावरात उभी होती अन् कोणाचीही तंगडी तुटली नव्हती.

कावळे काही लगेच आले नाई. येणार कसे? त्याइले काय फोन लावाचा होता? एक वाजून गेला. मंग सहदेव महाराज उठला. झगडा मिटवाचा हाच रस्ता त्याच्यापाशी होता, अन् त्याच्या मनात माह्याबद्दल वाईट नव्हतं. त्यानं दर्भाच्या चार काड्या घेतल्या, वळवल्या, गाठ मारली, चोच काढली, शेपूट काढलं. तळहातावर कावळा ठेवला. "चालते असं," म्हणे. "खरा आला नाई तर दर्भाचा शिवतात. शब्द-बिद काही द्याची गरज नाई. जीवन, हे घे, पिंडाले लाव, झालं."

साऱ्याइनं सुटकेचा श्वास सोडला. मलेही एक घडी वाटलं, चला, सुटलो.

मंग मी तो कावळा पाहिला. हिरवा, देखणा. बोटानं हलवला तसा हलला.

"महाराज, हा शिवन?"

"शिवन."

"नाई म्हणणार नाई?"

"गवत हाय बाई. नाई कसं म्हणन?"

"मंग ह्याचं शिवणं काय कामाचं?" मी म्हणलं. "तुमी चौथ्या दिवशी वाचलं ना, वर सारे चांगलेच. कोणाले राग येतच नाई, कोणी नाई म्हणतच नाई. तवापासून मी विचार करून राहिली, असं गाव मी कुठं पाहिलं. आता समजलं. हेच ते. वर सारे दर्भाचे कावळे हायेत. हलवले की हलतात."

महाराजानं हाताकडं पाहिलं.

"अन् मी तर इथंच चौतीस वर्षं दर्भाचा कावळा होती. सारं गाव म्हणे, माणिकबाई किती चांगली, कधी उलटून बोलत नाई. ठाण्यात मले हलवलं, मी हलली. त्याले चांगुलपणा म्हणत नसतात. मी वर गेली तर दारावरच विचारणार हाय, इथं नाई म्हणता येते का? येत नसन तर मी भायेरच बसते. उन्हात बसीन. सवय हाय मले."

जीवनचा हात पुढं आल्ता, दर्भाचा कावळा घ्याले. मी तो धरला. "थांब. तुले मी म्हणून पाहिजे होतं ना काहीतरी? म्हणते."

मी पिंडासमोर जाऊन उभी राहिली. हात जोडले नाई. डावा जुळतच नाई नीट.

"गोवर्धन," मी म्हणलं. बायाइनं तोंडावर हात ठेवले. "मी शिडीवरून पडली नव्हती. साऱ्याइनं ऐका, किसनभाऊ, तुमीही. ह्यानं बांबूनं माहा हात मोडला. माही पोट्टी खरं बोलत होती, मी खोटी बोलली. अन् काहून मोडला ते तर मी कोणालेच सांगितलं नाई, पोरीलेही नाई. त्या दिवशी मले ताप होता. गोळी घ्याची होती, उपाशीपोटी घेऊ नको म्हणून डॉक्टरनं सांगितलं होतं. मी अर्धी भाकर खाल्ली. हा वावरातून आला, उष्टं ताट पाहिलं, म्हणे, माह्या आधी जेवली? अन् बांबू उचलला. अर्ध्या भाकरीसाठी. लोकाइले सांगाचीही शरम वाटे मले. जशी काही चोरीच केल्ती मी."

रागिणी मागून आली अन् माह्या त्या वाकड्या हाताचं कोपर धरून उभी राहिली. ती रडत होती, आवाज न करता. मी नाई रडली. जीवननं खाली बसून तोंड झाकलं.

"रागिणी घरी येणार," मी पिंडाले म्हणलं. "आज येणार. तुले तिथं मन असन, मर्जी असन, तर स्वतःच्या मर्जीनं पाह्य काय कराचं ते. तुह्याकडून गवत शिववून घेणार नाई मी. यायचं तर ये, नाईतर राह्य तसाच. मी शब्द देत नाई."

सहदेव महाराजानं दर्भाची गाठ सोडली. चार काड्या पुन्हा चार काड्या झाल्या. त्यानं त्या बाजूले ठेवून देल्ल्या.

"मंग आता?" किसनराव म्हणे. त्याचा आवाज बसला होता. "कावळा येईस्तोवर बसाचं?"

"तुमी बसा. मले भूक लागली."

मी चुलीपाशी गेली. पिंडासमोरच्या पानातलं काही घेतलं नाई, त्याचं त्याले. फडक्यातली वरची भाकर काढली, अजून ऊन होती. मधातून मोडली. एका हातानं नीट मोडत नाई, अर्धी लहान अन् अर्धी मोठी झाली. मोठी रागिणीले देल्ली. भाजी वाढून घेतली. दोघी धुऱ्यावर संत्र्याच्या सावलीत मांडी घालून बसलो.

"अवं माणिक!" जमुना ओरडली. "त्याच्या आधी?"

"हाव," मी म्हणलं. "त्याच्या आधी."

रागिणी माह्याकडं पाहून राहिली, हातात भाकर तशीच. मी म्हणलं, "खाय व पोट्टे. जेवण झालं की घरी जाचं हाय आपल्याले." मंग तिनं घास घेतला. दोन मिनिटानं जीवन उठला, पिंडापासून इथपर्यंत चालत आला, समोर बसला अन् ताटासाठी हात पुढं केला. मी वाढलं.

कावळा मंग आला की नाई, ते किसनरावले विचारा. माही पाठ होती तिकडं, अन् तोंडात घास होता.